तुळशीरामजींचा मधला मुक्काम

तुळशीरामजींनी उभ्या आयुष्यात एकाही लेकीला थेट सासरी पोचवलं नाही. गाडी मुंबईकडे जाणारी असो की हैदराबादकडे, वाटेत ते कुठेतरी उतरायचेच. तिकीटसुद्धा तिथपर्यंतचंच काढायचे. नागपूरच्या स्टेशनावर लेकीचे आईबाप डोळे पुसत उभे असायचे, लेक पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली असायची, आणि त्या रडारडीत हे खिडकीतून डोकं बाहेर काढून बजावायचे, "आज नाही पोचत आमी. आज मुक्काम. उद्या आरामात पोचू. खाली-पिली तारा करू नका!"

माहेरवाशिणीला आणायला आणि पोचवायला जो जातो तो मुराळी. बहुतेक घरांत हे काम धाकट्या भावाकडे असतं. नागपुरातल्या महाल भागात, आमच्या गल्लीत मात्र सगळ्या घरांना मिळून एकच मुराळी होता, तो म्हणजे तुळशीरामजी. गल्ली विणकरांची. सकाळी डोळे उघडायच्या आधी हातमागांचा आवाज कानांवर यायचा. स्वराज्य आलं त्या सुमारास त्यातले बरेच माग थंडावू लागले होते. माझे बाबा माग सोडून सदरमधल्या एका कचेरीत कारकून झाले होते. तुळशीरामजी धंद्यातच राहिले, पण विणण्यात नाही, विकण्यात. घरोघरची लुगडी गोळा करायची, गाठोडं बांधायचं आणि रेल्वेनं खानदेश-नाशिकच्या दुकानदारांकडे न्यायची, हे त्यांचं काम. नेहमी जाणारा-येणारा, वयानं पोक्त, घरी मूलबाळ नाही, आणि सगळ्यांना काका लागणारा माणूस. मग लोक लुगड्यांबरोबर लेकीही त्यांच्या हवाली करू लागले.

दिसायला बुटके आणि रुंद होते. मे महिन्यातही अंगात काळा कोट. मिशांचा त्यांना फार अभिमान. गाडीत कोळशाची भुकटी बसू नये म्हणून प्रवासात मिशांवर रुमाल बांधायचे, त्यामुळे तिसऱ्या वर्गातले उतारू त्यांना दातदुखीचा रोगी समजून खिडकीजवळची जागा द्यायचे. ती ते बिनदिक्कत घ्यायचे. हट्टी होते, चवीनं खाणारे होते, आणि घोरणं तर असं की धर्मशाळेत बाकीचे मुक्कामी सामान आवरून दुसऱ्या टोकाला जायचे.

गल्लीत त्यांच्या या मधल्या मुक्कामाची भरपूर टिंगल व्हायची. कोणी म्हणायचं, पाय सुजतात म्हणून उतरतात. कोणी म्हणायचं, वाटेत कुठे तरी चांगली खानावळ सापडली असेल. शिवाय दोनदा ते लेकीला घेऊन अर्ध्या वाटेवरून परत आले होते आणि आल्याबरोबर ओट्यावरून जाहीर केलं होतं, "गाडी चुकली माही!" जन्मभर रेल्वेनं हिंडलेल्या माणसाची गाडी चुकते, यावर गल्ली पोट धरधरून हसली होती. तेही सगळ्यांबरोबर हसले होते. त्या लेकींचं पुढे काय झालं याकडे त्या हसण्यात कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

कोणी फारच छेडलं तर म्हणायचे, "गाडी माणसाचं आंग पोचवते गा. मन मांगून पॅसेंजरनं येते. त्याच्यासाठी थांबा लागते." आणि दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं, "थकल्या तोंडानं दुसऱ्याचं दार ठोकू नये. अर्धं भांडन तिथंच होते."

माझं लग्न नाशिकला झालं. सासरची मंडळी आमच्यातलीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेली. आमचे हे तिथल्या एका कचेरीत नोकरीला होते. पहिल्या दिवाळसणाला हे मला घेऊन नागपूरला आले, चार दिवस राहिले, बाबांनी दिलेला नवा कोट घालून एकटेच परत गेले. "महिनाभर राहू द्या तिले," असं बाबा म्हणाले होते, आणि यांनी मान डोलावली होती.

महिना झाला. संक्रांत झाली, होळी झाली. नाशिकहून मला न्यायला कोणी आलं नाही. आमच्या घरची रीत अशी, की पहिल्या दिवाळसणानंतर लेकीला न्यायला सासरचं माणूस आलं पाहिजे. पुढच्या खेपांना मुराळी चालतो, पण ही पहिली पाठवणी बोलावण्यावाचून होत नाही. न बोलावता गेली तर लेक जन्मभर खाली मान घालून राहते, असं आजीच्या वेळेपासून चालत आलेलं. यांची बाबांच्या नावावर दोन पत्रं आली. दोन्हींत एकच मजकूर: इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे. न्यायला येण्याचं एक अक्षर नाही. बाबांनीही तसंच कोरडं उत्तर पाठवलं. मी ती पत्रं इतक्या वेळा वाचली की पाठ झाली, आणि प्रत्येक वेळी वाटलं, ह्या माणसाला मी नको आहे.

नळावर बायका विचारू लागल्या, "काहून वं, नेलं नाही का अजून तुले?" मी आधी हसून सांगायचे, मग नुसती हसायचे, मग नळावर जायचंच सोडलं. आई देवापुढे बसून रडायची, आणि मी आलेली दिसली की घाईनं डोळे पुसून उगाच डाळ निवडायला घ्यायची. मला झोप येईनाशी झाली. अन्न गोड लागेना.

आंब्याचे दिवस आले तेव्हा बाबांचा धीर सुटला. ते तुळशीरामजींना बोलावून ओट्यावर बसले. मी दाराआड उभी होते.

"तुमी तिले नाशिकले नेऊन घाला," बाबा म्हणाले. "बोलावनं नाही आलं तं नाही आलं. रीत गेली चुलीत. लोकं काय काय बोलून राहिले, माहीत हाय ना तुमाले?"

"नेतो," तुळशीरामजी म्हणाले. "मंधात मुक्काम करीन."

"करा. अकोल्याले करा. माही साळी, पोरीची मावशी, हाय तिथं, तिच्या घरी उतरा."

"बाप्पा! साळी इचारन, 'काहून वं, न्यायले कोनी नाही आलं?' मंग तो मुक्काम झाला का पंचायत झाली? जिथं आपलं कोनीच नाही, तिथंच माणूस झोपते."

"मंग शेगाव करा. महाराजाचं दर्शन होईन."

"देवाच्या गावी गेलं की माणूस मागत राहते. रात अशी पाहिजे की कोनाले काही मागायचं नाही."

"भुसावळ?"

"रातभर इंजिनं खोकलते तिथं."

मग त्यांनी मलकापूर ठरवलं. स्टेशनाजवळ धर्मशाळा आहे, अंगणात कडुनिंब आहे, विहिरीचं पाणी असं की तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते, खाटांना ढेकूण नाहीत कारण रखवालदाराची बायको दर आठवड्याला त्यांवर उकळतं पाणी ओतते. एवढं सगळं त्यांनी बाबांना बारीकसारीक करून ऐकवलं. पोटची पोरगी ओझं होऊन बसली आहे आणि हा माणूस डाळीच्या गोष्टी सांगतो आहे, याचा मला दाराआड संताप आला होता.

उठताना बाबा हळूच म्हणाले, "आनखी एक. काही झालं तरी वापस आनू नका तिले. दारात उभी ठेवली तं उभी राहू द्या. पन इथं नाही आता."

तुळशीरामजी "बरं" म्हणाले. मी आत जाऊन पेटी भरू लागले.

पहाटेच्या पॅसेंजरनं निघालो. मे महिना, वर्ध्याच्या पुढे डब्याच्या फळ्यासुद्धा हाताला पोळत होत्या. सुरईतलं पाणी धामणगावच्या आधीच संपलं. मी पूर्ण वाट एक शब्द बोलले नाही, आणि त्यांनीही मला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. फक्त प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून पाणी आणायचे आणि म्हणायचे, "तोंड धू वं. डोये गेले आतमंधी."

मलकापूरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. धर्मशाळेच्या विहिरीवर मी आंघोळ केली. डोक्यातून कोळशाचं काळं पाणी निघालं. नंतर सवयीनं चुलीकडे गेले तर त्यांनी मला हात दाखवून थांबवलं. "मुक्कामात पोरीनं चुलीपाशी जायचं नाही. उद्यापासून तेच हाय." स्वतः कोट काढून बसले आणि गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. रोडगे एका बाजूनं जळलेले आणि दुसऱ्या बाजूनं कच्चे होते. भाजी इतकी तिखट की मला ठसका लागला. पण मी जेवले. किती दिवसांनी पोटभर जेवले. निंबाखाली दोन टोकांना दोन खाटा टाकल्या होत्या. पलीकडच्या खाटेवर त्यांचं घोरणं सुरू झालं, आणि इथे मला कोणी ओळखत नाही, उद्या सकाळपर्यंत मी कोणाची लेक नाही आणि कोणाची सून नाही, एवढंच मनात आलं. पुढचं आठवत नाही, कारण मी झोपले.

उठले तर ऊन अंगणात आलेलं. रखवालदाराच्या बायकोनं चहा आणून दिला. तुळशीरामजी मिशा विंचरून, कोट घालून तयार बसले होते.

"झोप झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली, काकाजी."

"मंग आयक. आता थोड्या वेळात दोन गाड्या येते. एक नागपूरकडं जाते, एक नाशिककडं जाते. दोन्ही इथं थांबते. तिकीट म्या काढलं नाही. कोनती धरायची ते तू सांग."

मला वाटलं, माझी परीक्षा पाहताहेत. "मी सांगू?"

"नाही तं कोन सांगन? सासरी मी नांदून राहिलो का?"

"बाबा घरात घेनार नाही. म्या आयकलं हाय त्याइचं बोलनं."

"ते माह्यावर सोड. तू फकत गाडी सांग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरीचं पाणी, निंबाची सावली, ढेकूण, डाळ हे सगळं खरंच होतं. पण ते ज्या गावी उतरायचे त्या गावी सकाळी दोन्हीकडच्या गाड्या थांबायच्या. तिकीट तिथपर्यंतचंच असायचं ते यासाठी. मी विचारलं, "म्हनजे त्या दोघी वापस आल्या, तेव्हा तुमची गाडी चुकली नव्हती?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "मुराळ्याची गाडी चुकली तं लोकं मुराळ्याले हासते. पोरीले कोनी हासत नाही. माह्या आंगाले काय भोकं पडते हासल्यानं?"

आम्ही स्टेशनात जाऊन बाकावर बसलो. नागपूरची गाडी आली. तुळशीरामजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते एक आंबा दोन्ही हातांनी दाबून मऊ करत होते. नागपूर म्हणजे नळावरच्या बायका, आईचं रडणं आणि बाबांचा बंद दरवाजा. गाडी गेली. मग नाशिकची आली. नाशिक म्हणजे न बोलावता जाऊन उभं राहायचं, आणि आतून कोणी 'ये' म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं. माझे पाय उचलले नाहीत. तीही गेली.

मला रडू कोसळलं. ते म्हणाले, "त्यात रडाचं काय हाय? उद्याबी येते गाड्या. रेलवे काही बंद नाही पडत." आणि आंबा चोखू लागले.

मी रडत बसले आणि ते आंबा चोखत बसले. कोय पार पांढरी होईपर्यंत त्यांनी तो आंबा सोडला नाही. माझं रडून झालं तेव्हा मला एकदम वाटलं, की दोन्हीकडच्या दारांत मीच का उभं राहायचं? मी म्हटलं, "काकाजी, त्याइलेच इथं बोलवा नं."

त्यांनी कोय रुळांत फेकली. "जावयाले? मलकापुरात?"

"घरच्या पत्त्यावर नाही. कचेरीच्या पत्त्यावर तार करा. 'मलकापूरला आहे, या' एवढंच."

"अन् नाही आला तं?"

"तं उद्या नागपूरची गाडी," मी म्हटलं. बोलून तर गेले. पण ते माझं पहिलं ठरवणं होतं, आणि ते मी मागे घेतलं नाही.

तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. तार पोचली असेल का, कचेरीत असतील का, वाचून फाडून टाकली असेल का. तुळशीरामजींनी मला रखवालदाराच्या बायकोजवळ बसवलं, आणि ती शेवया वळत होती ते पाहता पाहता मीही वळू लागले. ते आले आणि ओरडले, "मुक्कामात काम नाही म्हटलं होतं ना!" ती बाई म्हणाली, "वळू द्या तिला, जिवाला बरं वाटतं." त्यावर त्यांनी थोडा विचार करून परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिककडून येणारी, पुढे नागपूरला जाणारी गाडी आधी आली. मी पाण्याच्या नळापाशी उभी होते. डबे रिकामे झाले, माणसं फाटकातून निघून गेली, आणि मला कोणी दिसलं नाही. मी मनातल्या मनात त्याच गाडीत पेटी चढवली. तेवढ्यात अगदी शेवटच्या डब्यातून हे उतरले. हातात पिशवी नाही, काही नाही, फक्त एक छत्री. मे महिन्यात. तार मिळाली तसे कचेरीतून थेट स्टेशनावर गेले होते आणि जाता जाता खुंटीवरची छत्री कशासाठी कोण जाणे उचलली होती. चेहरा कोळशानं माखलेला. मला पाहून म्हणाले, "बरी आहेस ना? मला वाटलं, गाडीत काही झालं."

तुळशीरामजींनी जावयाला रामराम केला, विहिरीवर आंघोळीला पाठवलं, रात्रीची शिळी भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि म्हणाले, "मी जरा कापसाचा बाजार पाहून येतो." मे महिन्यात कापसाच्या बाजारात कुत्रंसुद्धा नसतं. पण ते गेले.

निंबाखाली आम्ही दोघंच उरलो. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि घरात कोणी ऐकत नाही अशा जागी आम्ही प्रथमच बोलत होतो. मी विचारलं, "मला न्यायला का आला नाहीत?"

"न्यायला?" यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "पोचवायला तुमच्याकडचं कोणीतरी येणार ना?"

"ते कशासाठी?"

"अगं, पहिल्या दिवाळसणानंतर माहेरच्यांनी मुलीची ओटी भरून तिला पोचवायचं असतं. आई होळीपासून रोज म्हणते, आता येतील. परवा तर म्हणाली, त्यांच्या मनात मुलगी पाठवायची नाहीच, आपणच मूर्खासारखी वाट बघतोय."

मी म्हटलं, "आमच्यात सासरच्यांनी न्यायला यायचं असतं."

मला हसू फुटलं, आणि यांनाही फुटलं, आणि आम्ही इतके हसलो की रखवालदाराची बायको बाहेर येऊन पाहून गेली. थंडी गेली, होळी गेली, अर्धा उन्हाळा गेला. नागपुरात माझी आई देवापुढे रडत होती आणि नाशकात यांची आई दारात वाट पाहत होती. कोणाचाच दोष नव्हता आणि माझा जीव मात्र जायची वेळ आली होती. छातीवरचं ओझं उतरलं असं म्हणतात ना, तसं खरोखर झालं.

हसून झाल्यावर मात्र मी त्यांना सोडलं नाही. "एक पत्र टाकता आलं नाही?"

"टाकली ना. दोन."

"बाबांना. 'इकडील सर्व कुशल.' मी काय समजायचं त्यातून?"

हे छत्रीच्या मुठीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "बायकोच्या नावानं पत्र टाकलं तर घरात सगळे हसतात." मी म्हटलं, "हसू दे. हसल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत." यापुढे काही अडलं तर माझ्या नावानं लिहायचं, हे मी त्यांच्याकडून तिथे कबूल करून घेतलं. ते त्यांनी आजतागायत पाळलं आहे.

तुळशीरामजी बाजारातून आले. आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हनजे दोन्ही घरी पाट मांडून बसले, अन् जेवाले कोनी आलंच नाही! अन् मी एवढा मोठा मुराळी, बाजूच्याच घरात बसून!" मग एकदम गंभीर झाले आणि दोन्ही हात वर करून निकाल दिला. "आता दोघं आयका. मलकापूरपर्यंत माहेरच्यांनी पोचवलं. मलकापूरपासून सासरचा माणूस नेते. त्याइची रीतबी झाली, आपलीबी झाली. आता कोनीच नाक मुरडाचं काम नाही."

त्यांनी गाठोडं सोडून एक हिरवं लुगडं काढलं. रखवालदाराच्या बायकोनं गहू आणि सुपारी घालून माझी ओटी भरली. यांच्याबरोबर दुपारच्या नाशिकच्या गाडीत मी बसले, तेव्हा मला वाटलं तेही येतील, कारण त्यांचं गाठोडं नाशिकचंच होतं. पण ते फलाटावरच राहिले. "मुराळ्यानं जोडप्याच्या डब्यात बसू नये. मी उद्या येतो," म्हणाले, आणि मिशांवरचा रुमाल सोडून हलवत राहिले.

नाशिकला सासूबाई दारात होत्या. मला पाहून पहिलं वाक्य काय, "किती वाट पाहायला लावलीस गं!" मी वाकले तर त्यांनी मला अर्ध्यातच उचललं. त्या बाईनं पुढे मला कधी दुखावलं नाही असं नाही, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच, पण तो उंबरा मी ताठ मानेनं ओलांडला. झोपलेली, जेवलेली, हसलेली आणि स्वतःच्या पायांनी आलेली अशी मी तिथे उभी होते.

पुढे आमच्या दोन्ही घरांत मलकापूरचीच रीत पडली. मी माहेरी जाताना हे मला मलकापूरपर्यंत आणायचे, तिथे तुळशीरामजी असायचे, येताना उलट. एक रात्र निंबाखाली. दरवर्षी रोडगे तसेच, एका बाजूनं जळलेले. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि फिरणं थांबलं. छप्पन साली नागपूरचं राजधानीपण गेलं, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, घोरणं थांबल्यामुळे कळलं.

मी मुलाला घेऊन नागपूरला भेटायला गेले. काकू माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुह्यावर लय जीव होता त्याइचा. तुले पहिल्यांदा घेऊन निघाले ना, तेव्हा मले सांगून गेले होते, माडीवरची खोली झाडून ठेव म्हनून. पोरगी वापस आली तं तिच्या बापाच्या दारात नाही उभी करत, आपल्याच घरी आनतो. म्या लुगड्याचे गठ्ठे खाली काढले, भिंतीले चुना मारला. मंग आठ दिवसांनी हे एकटेच आले. म्हने, गेली वं आपल्या घरी, हासत गेली. आमी दोघांनी चहा घेतला अन् गठ्ठे वापस वर नेले."

'ते माह्यावर सोड' असं ते स्टेशनावर म्हणाले होते. मी इतकी वर्षं समजत होते की ते मला धीर देण्यासाठी म्हणाले. काकूंचा हात धरून मी पोटभर रडले, आणि त्यात दुःखापेक्षा दुसरंच काही जास्त होतं.

मग मी उठून जिन्यानं वर गेले. खोली लहान होती. तिन्ही भिंतींना लुगड्यांचे गठ्ठे लागलेले, मधे माणूस आडवा होईल एवढी जागा, आणि गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. दाराला बाहेरून जुनी कडी होती. आतूनही एक होती, नंतर बसवलेली. तिच्याभोवतीचं लाकूड अजून उजळ होतं. गठ्ठ्यांच्या खोलीला आतून कडी कोणी बसवत नाही. मी दार लोटून घेतलं आणि ती लावून पाहिली. नीट बसली.